रंकाळा सापडेना: एका कोल्हापुरी साइटच्या प्लगइन्सचं प्रकरण

ही साइट कोल्हापूरबद्दल आहे, पूर्ण मराठीत आहे आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालते. शिवाजी पेठेत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका ती चालवतात, फोटो आणि तांत्रिक बाजू त्यांचा भाचा बघतो. दोघांच्या परवानगीने हे लिहितो आहे, नावं मात्र त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत. त्यांना सगळेच बाई म्हणतात, म्हणून मीही इथे बाईच म्हणेन.

साइटवर काय आहे, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून ठरला. पेठा आणि तालमी, रंकाळा, राधानगरी धरण, खासबागचं कुस्ती मैदान, १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी, अशा विषयांवरचे लांब लेख. करवीर नगर वाचन मंदिरात बसून काढलेल्या टिपणांवर उभे असलेले. शिवाय पावसाळ्यात चालणारं एक पान, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीचं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये साइटवर येणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त त्या पानासाठी येतात, आणि त्यातले पुष्कळ पुण्या-मुंबईत नोकरीला असून त्यांचे आईवडील इकडे असतात.

वाचक फोनवरून येतात. येतात ते बहुतेक व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून. घाटात, एसटीत, शेतावर, जिथे रेंज अर्धवट असते तिथूनही येतात.

बाईंनी मला बोलावलं तेव्हा साइटवर पंचविसाच्या आसपास प्लगइन्स, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या छोट्या सोयी, सुरू होती. ‘प्रत्येक साइटला हवीच अशी दहा प्लगइन्स’ असे व्हिडिओ असतात. भाच्याने ते बघून एकेक बसवलेलं होतं, चांगल्याच हेतूने. बाईंचा प्रश्न सरळ होता: “अरे, अजून कुठलं घालू म्हणजे वाचकांना बरं पडेल?” वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात साठ हजारांच्या आसपास मोफत प्लगइन्स आहेत. तिथून सुरुवात केली तर निवड कधीच संपत नाही. म्हणून मी त्यांना आधी दुसरंच मागितलं: वाचकांच्या तक्रारी, त्यांच्याच शब्दांत.

तक्रारींची वही

बाईंकडे त्या होत्या. व्हॉट्सअॅपवर आलेले निरोप त्यांनी वहीत उतरवून ठेवले होते. शिक्षकी पेशाची सवय. त्यातले पाच मुद्दे पुन्हा पुन्हा येत होते. साइट उघडायला वेळ लागतो. शोधलं की सापडत नाही. उघडल्या उघडल्या कसलीतरी परवानगी मागणाऱ्या चौकटी येतात. लिंक पाठवली की ती भलीमोठी आणि भीतिदायक दिसते. आणि सगळ्यात गंभीर: गेल्या पावसाळ्यात पातळीच्या पानावर सकाळचा आकडा दुपारीही तसाच दिसत होता.

या यादीत ‘स्लायडर हवा’, म्हणजे आपोआप सरकणारे फोटो हवेत, असं कोणी म्हटलेलं नव्हतं. ‘वाचायला किती मिनिटं लागतील ते सांगा’ असंही नाही. पण ही दोन्ही प्लगइन्स साइटवर होती.

आम्ही प्रत्येक तक्रार घेऊन तीन प्रश्न विचारायचे ठरवलं. हे काम वर्डप्रेस स्वतःच करतं का? करत नसेल तर कुठलं प्लगइन करतं? आणि ते मराठी मजकुरावर करतं का? तिसरा प्रश्न जवळपास कुठल्याच यादीत, कुठल्याच व्हिडिओत नसतो. आमच्या प्रकरणात निम्म्याहून अधिक निर्णय त्यावरच फिरले.

त्यासाठी एक चाचणी लेख तयार केला. लांबलचक मराठी शीर्षक, मराठी उपशीर्षकं, ‘पायऱ्या’ आणि ‘दऱ्या’सारखे शब्द, विभक्ती लागलेली गावांची नावं, फोनवरून काढलेला एक मोठा फोटो. कुठलंही प्लगइन आधी या लेखावर चालवून बघायचं. इंग्रजी नमुना मजकुरावर सगळंच छान दिसतं. प्लगइन बसवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने असा एक लेख जवळ ठेवावा असं मला मनापासून वाटतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

शोध

सर्वाधिक वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

वर्डप्रेसचा मूळचा शोध साधा आहे. तुम्ही टाकलेली अक्षरं शीर्षकात, सारांशात किंवा मजकुरात त्याच क्रमाने कुठे आहेत का, एवढंच तो बघतो. इंग्रजीत यावर भागून जातं. मराठीत नाम वाक्यात शिरलं की त्याचं रूप बदलतं. बाईंच्या लेखात ‘रंकाळ्यावर’, ‘रंकाळ्याच्या काठी’, ‘रंकाळ्यात’ असं जागोजागी आहे. वाचक मात्र शोधतो ‘रंकाळा’. ळ नंतर एकीकडे काना आहे, दुसरीकडे ळ चा पाय मोडून य आलेला आहे. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या अक्षरमालिका. त्यामुळे ज्या लेखाच्या शीर्षकात ‘रंकाळा’ हे मूळ रूप होतं तेवढाच सापडायचा, बाकीचे असून नसल्यासारखे. ‘पंचगंगा’ शोधणाऱ्याला ‘पंचगंगेला पूर’ मिळत नव्हता. ‘तालीम’ शोधणाऱ्याला ‘तालमीत’ मिळत नव्हतं. खुद्द ‘कोल्हापूर’ शोधलं तर ‘कोल्हापुरात’ गळून जायचं, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला.

यात भर म्हणजे ऱ्य. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक त्यासाठी खास ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला ते वेगळे असतात. बाई आणि भाचा वेगवेगळे कळफलक वापरत होते, म्हणजे एकाच साइटवर दोन प्रकारच्या ‘पायऱ्या’ होत्या.

इथे प्लगइनची गरज खरी होती. आम्ही ‘रेलेव्हान्सी’ निवडलं. ते साइटवरच्या शब्दांची स्वतःची सूची बनवतं, शब्दाच्या एका भागावरूनही जुळवतं, आणि मुख्य म्हणजे त्यात समानार्थी शब्दांची यादी आपल्याला हाताने भरता येते. सूची डेटाबेसमध्ये बरीच जागा घेते, हे आधी पाहून घ्यावं लागतं. बाईंच्या होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, तेवढी जागा होती.

बसवल्या बसवल्या मात्र ‘रंकाळा’ तरीही नीट सापडेना. भाचा हिरमुसला. पण ते साहजिक होतं. अर्धा शब्द जुळवणं म्हणजे ‘रंकाळा’ने सुरू होणारे किंवा संपणारे शब्द शोधणं, आणि ‘रंकाळ्यावर’ हा ‘रंकाळा’ने सुरू होतच नाही. प्लगइनला मराठी व्याकरण येत नाही. ते बाईंना येतं.

मग बाईंनी यादी लिहायला घेतली. रंकाळा म्हणजे रंकाळ्या. पंचगंगा म्हणजे पंचगंगे. तालीम म्हणजे तालमी. कोल्हापूर म्हणजे कोल्हापुर. सामान्यरूपं त्या सहज सांगत होत्या. एकदा सामान्यरूप यादीत गेलं की अर्ध्या शब्दाच्या जुळणीने त्यापुढचे सगळे प्रत्यय आपोआप पकडले जातात: रंकाळ्यावर, रंकाळ्याचा, रंकाळ्याकडून. पुढे यादी व्याकरणाच्या बाहेर गेली. अंबाबाई शोधणाऱ्याला महालक्ष्मी मंदिराचा उल्लेख असलेला लेखही मिळायला हवा आणि उलटही, कारण बाहेरून येणारे यात्रेकरू महालक्ष्मी हेच नाव टाकतात. जोतिबा कोणी ज्योतिबा असं लिहितं. बिंदू चौक कोणी ऱ्हस्व उकाराने लिहितं. आणि खूप जण फोनवर रोमन लिपीत टंकतात, म्हणून मुख्य ठिकाणांची रोमन रूपंही यादीत घातली. शोधाची पद्धत ‘यातला कुठलाही शब्द’ अशी ठेवली, कारण समानार्थी शब्द त्या पद्धतीतच नीट चालतात.

ऱ्यचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. दोघांनी एकच कळफलक वापरायचं ठरवलं, आणि जुन्या लेखांतली दुसरी रूपं डेटाबेसचा बॅकअप घेऊन एकगठ्ठा बदलली.

हेच प्लगइन वाचकांनी काय शोधलं याची नोंदही ठेवू शकतं. ती सोय सुरू केली, पण शोधणाऱ्याचा आयपी पत्ता नोंदवायचा पर्याय बंदच ठेवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर आहेच, पण त्याहीआधी, ज्याची आपल्याला गरज नाही ती माहिती वाचकाकडून घेऊ नये, असं बाईंचं म्हणणं होतं आणि मला ते पूर्ण पटलं. नोंदी बघताना लक्षात आलं की वाचक केएमटीचे, म्हणजे शहर बसचे, मार्ग शोधतायत आणि साइटवर त्याबद्दल काहीच नाही. बाई आता तो लेख लिहीत आहेत.

पातळीचं पान

ही तक्रार मला सर्वाधिक टोचली. पुराच्या दिवसांत तो आकडा बघून कोणी आजीला थोरल्याच्या घरी हलवायचं की नाही हे ठरवत असतं.

कॅशे म्हणजे काय, ते थोडक्यात. वर्डप्रेस प्रत्येक भेटीला पान नव्याने बनवतं: पीएचपी या भाषेतला कोड चालतो, डेटाबेसला प्रश्न विचारले जातात, मग पान तयार होतं. कॅशे प्लगइन एकदा तयार झालेलं पान बाजूला ठेवतं आणि पुढच्याला तेच देतं. गर्दीच्या वेळी साइट तगून राहते ती यामुळेच. पूर आला की एका दिवसात नेहमीच्या कित्येक पट लोक येतात. कॅशे काढून टाकणं हा उपाय नव्हताच.

तपासल्यावर दोन गोष्टी निघाल्या. पहिली, दोन कॅशे प्लगइन्स एकदम सुरू होती. वर्डप्रेसमध्ये कॅशेसाठी एक ठरावीक फाइल असते आणि ती एकाच प्लगइनची असू शकते. दुसरं आलं की ओढाताण सुरू होते आणि कोणतं पान कोणी साठवलंय याचा थांग लागत नाही. दुसरी गोष्ट, पातळीची ओळ पानाच्या मजकुरात नव्हतीच. ती बाजूच्या पट्टीतल्या विजेटमध्ये, म्हणजे लेखापासून वेगळ्या चौकटीत होती, सगळ्या पानांवर दिसावी म्हणून. लेख बदलला की कॅशे प्लगइन त्या लेखाची साठवलेली प्रत फेकून देतं. इथे बाई विजेट बदलत होत्या, लेखाला हात लागतच नव्हता, म्हणून जुनी प्रत तशीच राहत होती.

होस्टिंगवाल्यांना सर्व्हर कुठला ते विचारलं. लाइटस्पीड निघाला. म्हणून ‘लाइटस्पीड कॅशे’ ठेवलं आणि दुसरं काढलं. सर्व्हर लाइटस्पीडचा नसता तर हे प्लगइन ठेवण्यात फारसा अर्थ नव्हता, कारण त्याचं पानं साठवण्याचं काम त्या सर्व्हरच्या आधारानेच चालतं. तेव्हा ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’सारखं साधं काहीतरी घेतलं असतं. यादीतलं पहिलं नाव उचलण्याआधी होस्टिंगला एक फोन करावा तो यासाठी.

मग पातळीची ओळ विजेटमधून काढून पानाच्या मजकुरात आणली. सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, वेळेसकट: अमुक फूट, सकाळी आठची नोंद. ते पान कॅशेमधून वगळलं. वगळल्यामुळे ते दर भेटीला नव्याने बनतं, म्हणून त्यावरचं बाकी सगळं उतरवलं. फोटो नाही, बाजूची पट्टी नाही, इतर लेखांच्या शिफारशी नाहीत. पान इतकं हलकं झालं की कॅशेविना त्याचं भागतं. पानाच्या शेवटी जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती व्यवस्थापनाची लिंक आहे आणि अधिकृत आकडा तिथला धरावा असं स्पष्ट लिहिलंय. इतर पानांवर आता आकडा दिसत नाही, ‘आजची पातळी पाहा’ एवढी लिंक दिसते. शिळा आकडा दिसण्यापेक्षा एक टिचकी जास्त पडलेली बरी.

भाच्याने विचारलं होतं, आकडा कुठून तरी आपोआप ओढून आणणारं प्लगइन घेऊया का? बाई नको म्हणाल्या. ज्या आकड्याखाली आपण वेळ लिहितो तो आपण डोळ्यांनी बघितलेला असला पाहिजे, असं त्यांचं मत. यंत्रणा कुठेतरी अडकली आणि आकडा गोठला तर कोणाला कळणारही नाही.

लिंका

लिंक भीतिदायक का दिसते, याचं कारण देवनागरी अक्षरांच्या साठवणीत आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की मात्रा, तीन बाइटचं असतं. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासकट तीन रोमन चिन्हं होतात, म्हणजे एका देवनागरी चिन्हाची नऊ. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी दोनशे चिन्हांची जागा ठेवतं. भागाकार करा: जेमतेम बावीस देवनागरी चिन्हं मावतात, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी त्यात मोजली जातात. बाईंच्या ‘महाद्वार रोडवरची जुनी दुकाने’ या लेखाचा पत्ता ‘दु’ पाशी तुटला होता. आणि व्हॉट्सअॅपवर तो टक्केचिन्हांच्या रांगेसारखा दिसत होता. फसवणुकीच्या लिंकांची धास्ती घेतलेल्या माणसाने त्यावर बोट का ठेवावं?

इथे प्लगइन नकोच होतं. प्रत्येक लेखाचा पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत हाताने लिहायचा. जुन्या लेखांचे पत्ते बदलले तर आधी पसरलेल्या लिंका मरतील, अशी बाईंना भीती होती. पण लेखाचा पत्ता बदलला की वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्यावर नेऊन सोडतं. स्थिर पानांना ही सोय मिळत नाही, पण तशी पानं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यांचे पत्ते मुळातच बरे होते.

लिंकसोबत फोटो आणि शीर्षक असलेली चौकट दिसण्यासाठी मात्र पानात काही खास खुणा लागतात, आणि त्या वर्डप्रेस स्वतः घालत नाही. ते काम एसईओ, म्हणजे गुगलसारख्या शोधयंत्रांसाठी साइट नीट मांडणारं, प्लगइन करतं. साइटवर योस्ट आणि रँक मॅथ दोन्ही सुरू होती, म्हणजे प्रत्येक खूण दोनदा उमटत होती. बाईंना योस्टची सवय होती, ते ठेवलं. त्यातले लेखाला गुण देणारे हिरवे-नारिंगी-लाल ठिपके मात्र मनावर घेऊ नका, असं मी त्यांना आग्रहाने सांगितलं. मराठी वाक्याची वाचनीयता मोजायची पूर्ण सोय तिथे नाही, आणि ‘रंकाळा’ हा मुख्य शब्द दिला तर ‘रंकाळ्याच्या’ त्याला तोच शब्द वाटत नाही. ठिपका हिरवा व्हावा म्हणून बाई ‘रंकाळा तलाव येथे’ अशी अवघडलेली वाक्यं लिहायला लागल्या होत्या. इतकं सुंदर मराठी लिहिणाऱ्या बाईने ठिपक्यासाठी भाषा वाकवावी, हे बघून वाईट वाटलं. साइटमॅपसाठी, म्हणजे शोधयंत्रांना द्यायच्या पानांच्या यादीसाठी, लोक या प्लगइन्सकडे वळतात, पण तो ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच बनवतं.

काढलेली प्लगइन्स

एखादं प्लगइन खरंच लागतं का हे बघायला ते चालू साइटवर बंद करायची गरज नसते. ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ नावाचं प्लगइन आहे, त्यात सगळी प्लगइन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसते. मग एकेक सुरू करत जायचं. जोडीला ‘क्वेरी मॉनिटर’ ठेवलं, कोण डेटाबेसला किती त्रास देतंय ते दिसावं म्हणून. काम संपल्यावर ही दोन्हीही काढली.

वाचनवेळ दाखवणारं प्लगइन प्रत्येक लेखाला ‘१ मिनिट’ म्हणत होतं, राधानगरीवरच्या भल्यामोठ्या लेखालाही. पीएचपीमधलं शब्द मोजायचं एक जुनं फंक्शन रोमन अक्षरांनाच शब्द मानतं. देवनागरी मजकूर दिला तर त्याच्या हाती शून्य लागतं. ते गेलं.

कुकीची परवानगी मागणारी चौकट गेली. ती युरोपातल्या नियमांसाठीची होती. बाईंच्या साइटवर जाहिराती नाहीत, माग काढणारं काही नाही, वाचक बहुतेक इथलेच. नोटिफिकेशनची परवानगी मागणारं प्लगइनही गेलं, वाचक पहिलं वाक्य वाचण्याआधीच ते आडवं येत होतं.

पहिल्या पानावरचा स्लायडर गेला. त्यावर बाईंशी थोडा वाद झाला, कारण त्यात अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाचे भाच्याने काढलेले सुरेख फोटो होते. पण तो स्लायडर आपल्या स्क्रिप्ट्स साइटच्या प्रत्येक पानावर चढवत होता, पातळीच्या पानावरसुद्धा. त्यातला सर्वांत चांगला फोटो वर ठेवला आणि बाकीचे किरणोत्सवाच्या लेखात घातले. स्लायडर काढल्यावर काही लेखांत चौकटी कंसातले त्याचे शॉर्टकोड, म्हणजे स्लायडरला बोलावणाऱ्या खुणा, उघडे पडले, ते शोधून पुसावे लागले. प्लगइन काढलं की मागे असा कचरा राहतो. डेटाबेसमधल्या त्याच्या नोंदीही बऱ्याचदा तशाच राहतात. ६.६ आवृत्तीपासून वर्डप्रेसचं साइट हेल्थ हे तपासणीचं पान प्रत्येक पानासोबत आपोआप चढणाऱ्या नोंदी ८०० केबीच्या वर गेल्या तर इशारा देतं, तो बघावा.

शेअर बटणांचं प्लगइन गेलं आणि त्याजागी लेखाखाली व्हॉट्सअॅपची एक साधी लिंक आली. बाहेरच्या सेवेवर उभी असलेली बटणं केव्हाही जाऊ शकतात. अॅडधिस ही एकेकाळी जगभर वापरली जाणारी सेवा ओरॅकलने ३१ मे २०२३ रोजी बंद केली आणि असंख्य साइटवरची बटणं त्या दिवशी निकामी झाली.

अक्षरांचं प्लगइनही गेलं. देवनागरी फाँटची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते, आणि इथे ‘मुक्ता’च्या सातही जाडी चढवल्या जात होत्या. ६.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच फाँट ठेवायची सोय आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता आम्ही तिथेच ठेवला, साधा आणि ठळक एवढाच. त्याच ओघात साइटची भाषा मराठी केली. ती आजवर इंग्रजी होती. सेटिंगमधला हा एक बदल, पण दृष्टिहीन वाचकांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरूनच ठरवतं की मजकूर कुठल्या भाषेच्या उच्चारात वाचायचा.

लांब लेखांना अनुक्रमणिका हवी होती, ती मागणी रास्त होती. पण चाचणी लेखावर एका प्लगइनने मराठी उपशीर्षकांसाठी निरर्थक खुणा बनवल्या. शीर्षक-ब्लॉकला हाताने खूण देता येते आणि वर दुव्यांची यादी करता येते. असे लेख मोजकेच होते, भाच्याने एका बैठकीत केले.

राहिलेली

रेलेव्हान्सी, लाइटस्पीड कॅशे, योस्ट, बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस, कचरा प्रतिक्रियांसाठी अँटिस्पॅम बी, आणि फोटो हलके करणारं एक. बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आणि तो परत साइटवर चढवून बघितला, कारण न चढवलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. अँटिस्पॅम बीला खातं किंवा चावी लागत नाही म्हणून ते निवडलं. मोठ्या फोटोंना २५६० पिक्सेलपर्यंत छोटं करणं वर्डप्रेस ५.३ पासून स्वतः करतं, पण फोनमधून थेट आलेले फोटो तरीही जड राहत होते.

सगळ्यांना आपोआप अपडेट सुरू केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅशेमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली होती: लॉगिन न करता कोणालाही प्रशासक होता येण्याजोगी. पन्नास लाखांहून अधिक साइटवर असलेलं प्लगइन. ६.४ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले. प्लगइन लोकप्रिय असणं चांगलंच, पण निवडताना ते शेवटचं कधी अपडेट झालं आणि प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरं मिळतात का, हे मी आधी बघतो. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर भांडारच वर सूचना दाखवतं, ती दिसली की पुढे वाचायचंही कारण नाही. पैशाची प्लगइन्स फुकट देणाऱ्या साइटकडे तर अजिबात फिरकू नये. त्यांतल्या फाइलींमध्ये काय मिसळलेलं असतं ते बसवणाऱ्याला दिसत नाही.

फोनवर साइट आता अशक्त रेंजमध्येही पटकन उघडते. ‘रंकाळा’ टाकलं की रंकाळ्यावरचे सगळे लेख येतात. तक्रारींच्या वहीत नव्याने आलेली तक्रार एकच, फोटोंबद्दलची: दृष्टी गेलेल्या एका वाचकाने कळवलं की लेख आता मराठीत नीट ऐकू येतो, पण फोटो आला की नुसता फाइलचा क्रमांक वाचला जातो. फोटोंचं वर्णन आपोआप लिहिणारी प्लगइन्स आहेत. चाचणी लेखावर एकाने तालमीच्या आखाड्याचं वर्णन ‘मातीत उभी असलेली माणसं’ असं केलं. बाईंनी ते ठेवलं नाही. वर्णनं त्या स्वतः लिहीत आहेत, पेठांचे लेख झाले आहेत, राधानगरी आणि प्रभातचे अजून राहिलेत.